आधी पॉइंट, मग टायमिंग

भाची : मामा, मांजरसुंब्याच्या घाटात माझी पद्मिनी गाडी खडखड करत होती. गॅरेजवाल्यानं डिलको, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, फिरवून ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं. खडखड गेली, पण आता गाडी ओढतच नाही.

मामा : त्यानं डिलकोतले पॉइंट बघितले का?

भाची : नाही. बोल्ट ढिला केला आणि नुसत्या आवाजावर फिरवला.

मामा : इथंच माझं डोकं फिरतं! अगं, पॉइंट उघडले की त्याच क्षणी प्लगला ठिणगी पडते. फट वाढली तर ते लवकर उघडतात, टायमिंग पुढं जातं. फट कमी झाली तर मागं. म्हणून आधी फिलर गेज घालायचं. फट साधारण 0.4 मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघ. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर बदल, आणि कंडेन्सरवर संशय घे. टायमिंगला हात त्यानंतर.

भाची : बरं. पण खडखडीनं पिस्टनला भोक पडतं म्हणतात. माझ्या गाडीला पडलं असेल का?

मामा : एका घाटानं पडत नाही. तशीच दामटत राहिलीस तर पडेल.

भाची : पण ठिणगी पिस्टन वर पोचल्यावरच का टाकत नाहीत? मग खडखडीचा प्रश्नच नाही.

मामा : पेट्रोल जळायला वेळ लागतो, बाई. दोन सहस्रांश सेकंद धर. मिनिटाला 3,000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 50, म्हणजे 18,000 अंश. तेवढ्यात क्रँक 36 अंश पुढं गेला. तेवढी ठिणगी आधी नको? वेग कमी असला की कमी लागते. हा हिशेब डिलकोच सांभाळतो. आत स्प्रिंगांनी धरलेली दोन वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढं नेतात. कॅप काढ, रोटर बोटांनी थोडा पिळ आणि सोड. झटकन मागं आला पाहिजे. स्प्रिंग तुटली किंवा वजनं गंजून बाहेरच अडकली, तर घाटात कमी वेगावरही टायमिंग पुढंच राहतं. तुझी खडखड मला तिथलीच वाटते. व्हॅक्यूमची नळीही काढून तोंडानं ओढ. आतली पाटी सरकली पाहिजे, आणि जिभेनं नळी बंद केलीस तर तिथंच थांबली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय.

भाची : पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं तर नाही ना?

मामा : इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, खडखड उलट कमी होते. त्रास होतो जुन्या रबरी नळ्यांना. पण इथेनॉलला नावं ठेवताना एक बघ, ज्या उसापासून ते होतं तो तोडायला आपल्या बीडची माणसं कोयता घेऊन घरदार सोडून जातात. गाडीवाल्यांच्या गप्पांत त्यांचं नाव कधी निघत नाही, हे मला खटकतं.

भाची : एवढा खटाटोप करण्यासारखी गाडी आहे का ही?

मामा : सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, तिची ही कुर्ल्यात बनलेली गाडी. इंजिन फियाट 1100चं, 1,089 सीसी. त्याच घराण्याच्या इंजिनावर इटलीत सिसिटालिया 202 ही स्पोर्ट्स कार झाली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं ती जपून ठेवलीय. आणि आपण पद्मिनी भंगारात घालतो!

भाची : हो, पण पिस्टन…

मामा : अजून तेच? प्लग काढ. पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके दिसले तर पिस्टन वितळतोय. नसतील तर कॉम्प्रेशन मोज आणि निवांत झोप.

भाची : दिसले नाहीत. मग टायमिंग कशानं बसवू?

मामा : 12 व्होल्टचा बल्ब घे. एक तार डिलकोच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. चावी चालू ठेव. एक नंबरच्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर इंजिन हातानं फिरवत पुलीची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर आण. आता बोल्ट ढिला करून डिलको रोटरच्या दिशेनं थोडा फिरव, पॉइंट मिटले की बल्ब विझेल. मग उलट दिशेनं सावकाश आण. बल्ब पेटला की तिथंच आवळ. वजनं मोकळी केल्याशिवाय मात्र यातलं काही करू नकोस.