ऑक्टापॅडची निवड

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात गायकाच्या मागे उभा राहून, स्टँडवर बसविलेल्या एका चपट्या पेटीवर दोन काठ्यांनी वाजविणारा वादक भारतात सर्वत्र परिचयाचा आहे. ढोलकीचा ठेका, झांजेचा झणत्कार, घंटेचा टोल आणि पाश्चात्त्य ड्रमचा घनगंभीर आघात हे सारे त्या एकाच पेटीतून निघतात. जपानमधील रोलँड या कंपनीने १९८५ साली आठ पॅडांचे असे यंत्र बाजारात आणले व त्याला 'ऑक्टापॅड' हे नाव दिले. हे नाव भारतात इतके रुळले की, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो आणि त्यावर आठाऐवजी नऊ किंवा बारा पॅड असोत, त्याला ऑक्टापॅडच म्हटले जाते.

ती पहिली पेटी स्वतः मुकी होती. आघात कोणत्या पॅडवर व किती जोराने झाला, एवढाच संदेश ती बाहेर पाठवीत असे. ध्वनी निर्माण करण्यासाठी तिला दुसरे यंत्र जोडावे लागे. पुढे ध्वनींचा साठा पेटीतच सामावला गेला आणि वाद्य सुटसुटीत झाले. तथापि रचनेतील द्वैत कायम राहिले. या वाद्याला दोन स्वतंत्र अंगे आहेत : एक स्पर्शाचे आणि दुसरे आवाजाचे. आवाज नंतर बदलता येतो. नवे नमुने भरता येतात किंवा संगणकातील ध्वनी वापरता येतात. स्पर्श मात्र विकत घेतला तसाच राहतो.

दुकानात नेमके उलट घडते. विक्रेता एकामागून एक चमकदार ध्वनी ऐकवितो, ग्राहकाचे कान तृप्त होतात, आणि हाताला काय जाणवले हे विचारायचे राहून जाते. या पेटीवर ज्याची उपजीविका आहे, त्याचे कित्येक कार्यक्रमांचे मानधन अशा एका खरेदीत खर्ची पडते. यास्तव परीक्षा प्रथम स्पर्शाची व्हावयास हवी.

आघाताचा प्रवास

पॅडच्या रबराखाली एक पातळ चकती बसविलेली असते. काही पदार्थांवर दाब पडला असता त्यांच्यात विद्युत्‌भार उत्पन्न होतो, असे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. ही चकती त्याच तत्त्वावर काम करते. काठी आपटताच तिच्यातून विद्युत्‌संकेत उमटतो. आघात जितका जोराचा, तितका संकेताचा शिखरबिंदू उंच. यंत्र काही क्षण थांबून हा शिखरबिंदू मोजते, त्याला एक अंक देते आणि त्या अंकानुसार साठ्यातील ध्वनी वाजविते.

हा अंक वाहून नेण्यासाठी १९८३ साली 'मिडी' नावाची संकेतपद्धती ठरविण्यात आली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये तिच्यामुळे एकमेकांशी बोलू लागली. तिच्या मूळ स्वरूपात आघाताच्या जोराला १ ते १२७ यांपैकी एक अंक मिळतो. परंतु कागदावर १२७ पायऱ्या असल्या, तरी वादकाच्या हाताला त्या सर्व मिळतातच असे नाही. निकृष्ट पॅडमध्ये हलका आघात वगळला जातो, मध्यम आघात झटकन कमाल अंकावर पोहोचतो, आणि वादकाजवळ हळू व जोरात अशा दोनच पायऱ्या उरतात.

पृष्ठभागाचेही महत्त्व तितकेच आहे. १९८१ साली इंग्लंडमधील सिमन्स कंपनीचे षट्कोनी पॅड प्रसिद्धीस आले. त्यांचा पृष्ठभाग कठीण प्लॅस्टिकचा होता आणि त्यांवर दीर्घकाळ वाजविणाऱ्यांची मनगटे दुखू लागल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर मऊ रबराचा वापर वाढला. मात्र अतिशय मऊ रबर काठीला उसळी देत नाही आणि हाताला दुप्पट श्रम पडतात. योग्य रबर आघात पचविते व काठी परतही करते.

दुकानातील परीक्षा

ही परीक्षा हेडफोन लावून आणि एकच साधा ध्वनी निवडून करावी. घुमारा किंवा प्रतिध्वनी जोडलेला ध्वनी दोष झाकतो. प्रथम एकाच पॅडवर अगदी हलक्या आघातापासून जोरदार आघातापर्यंत सावकाश वीस आघात करावेत. ध्वनी पायरीपायरीने चढला पाहिजे. दुसऱ्या खेपेस हलक्या हाताने द्रुत लयीत वाजवावे. काही आघात गळत असतील किंवा एका आघाताचे दोन ध्वनी उमटत असतील, तर संवेदकात किंवा त्याच्या मांडणीत उणीव आहे. तिसऱ्या खेपेस एका पॅडवर जोराने आघात करून शेजारचा पॅड आपोआप वाजतो का, हे पाहावे. शेवटी पॅडच्या मध्यावर आणि कडेला सारख्याच जोराने वाजवून फरक ऐकावा.

यांपैकी काही दोष यंत्रातील मांडणी बदलून कमी होतात. संवेदनशीलता, किमान आघाताची मर्यादा आणि शेजारच्या पॅडचा परिणाम रोखण्याची मात्रा ज्या यंत्रात प्रत्येक पॅडसाठी वेगवेगळी ठरविता येते, ते श्रेयस्कर होय.

आघाताबरोबर ध्वनीची केवळ पातळी वाढते की त्याचा पोतही बदलतो, हेही ऐकावे. खऱ्या ढोलकीवर हलकी व जोरदार थाप यांचे नाद भिन्न असतात. चांगल्या यंत्रात त्यांसाठी वेगवेगळे नमुने मुद्रित केलेले असतात. एकच नमुना लहानमोठा करून वाजविला की द्रुत लयीत सर्व आघात तंतोतंत सारखे येतात आणि श्रोत्याला यंत्र वाजत असल्याची जाणीव होते.

विलंबाचा हिशेब

काठी पडणे आणि ध्वनी ऐकू येणे यांत थोडा काळ जातो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे वाद्य जणू साडेतीन मीटर दूर ठेवून ऐकणे. हा विलंब स्थिर असेल तर वादक त्याला सरावतो. तो कमीजास्त होऊ लागला तर मात्र लय डळमळते.

पेटीतील स्वतःचा ध्वनी वापरताना हा प्रश्न क्वचितच जाणवतो. संगणकातील ध्वनी वापरताना मात्र भर पडते. मिडीच्या जुन्या तारेतून एका आघाताचा संदेश जाण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. संगणक ध्वनी तुकड्यातुकड्यांनी सिद्ध करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि तुकडा २५६ नमुन्यांचा ठेवला, तर एका तुकड्यालाच सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. अशा अनेक लहान विलंबांची बेरीज हाताला जाणवते. बिनतारी हेडफोनचा विलंब बहुधा याहून बराच अधिक असतो. म्हणून वाजविताना तारेचाच हेडफोन वापरावा.

मंच आणि ध्वनिमुद्रण

मंचावरील गरजा व्यावहारिक असतात. अंधूक प्रकाशात एका गीताच्या ध्वनिरचनेवरून दुसऱ्या गीताच्या रचनेवर एका कळीसरशी किंवा पायाने जाता आले पाहिजे. खर्जाच्या ड्रमसाठी पायपट्टी जोडण्याची सोय असावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पॅड मोठे असावेत, अन्यथा उत्साहाच्या भरात काठी दोन पॅडांच्या मध्ये पडते. ध्वनियंत्रणेपर्यंत लांब तार न्यावयाची असल्यास मध्ये डीआय बॉक्स जोडावा, म्हणजे तारेत शिरणारी गुणगुण कमी होते. यंत्रासोबतचाच ॲडॅप्टर वापरावा. व्होल्टता किंवा ध्रुव न जुळणारा ॲडॅप्टर यंत्र निकामी करू शकतो. वीज अकस्मात गेल्यास न साठविलेले बदल पुसले जातात, म्हणून प्रत्येक बदल लगेच साठविण्याची सवय लावून घ्यावी.

ध्वनिमुद्रणात गरजा पालटतात. पॅडांची संख्या येथे गौण ठरते, कारण एकेक ध्वनी स्वतंत्रपणे मुद्रित करता येतो. येथे दोन मार्ग असतात. पहिल्यात पेटीतून निघालेला ध्वनीच मुद्रित होतो. दुसऱ्यात केवळ आघातांचे अंक नोंदविले जातात. चुकलेला एखादा आघात नंतर सुधारता येतो आणि ढोलकीच्या जागी दुसरा ध्वनीही बसविता येतो. शक्य असेल तेव्हा दोन्ही नोंदी एकाच वेळी ठेवणे शहाणपणाचे असते. म्हणून यूएसबी किंवा मिडीची जोडणी आवश्यक समजावी. ध्वनी बाहेर नेण्यासाठी एकाहून अधिक वाटा असल्यास खर्जाचा ड्रम व झांज वेगळ्या ठेवून त्यांची पातळी नंतर जुळविता येते.

स्वतःचे नमुने भरावयाचे असतील तर स्मृतीची क्षमता पाहावी. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट आणि दोन वाहिन्या असा हिशेब केल्यास एका मिनिटाला १ कोटी ५ लाख ८४ हजार बाइट लागतात. थापेचा एक नमुना सेकंदभराचाही नसतो. परंतु संपूर्ण पार्श्वसंगीत भरू पाहणाऱ्याला हा आकडा महत्त्वाचा आहे.

चामडे आणि रबर

शेवटी या वाद्याची एक मर्यादा मान्य करणे भाग आहे. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. पहिला उपस्वर सुमारे १.५९ पटीचा असतो. तबल्याच्या शाईमुळे उपस्वर पूर्ण पटीच्या जवळ येतात आणि तबला सुरात बोलतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२० साली 'नेचर' नियतकालिकात मांडले. चाट, लव आणि शाई यांवर बोट कोठे पडते व तेथे किती रेंगाळते, यावर बोल ठरतो. डग्ग्यावर मनगट दाबून सरकविले की स्वर चढतो. तेथे स्पर्श आणि आवाज वेगळे करताच येत नाहीत.

ऑक्टापॅडमध्ये ते मुळातच वेगळे आहेत. साधारण पॅडला आघाताचे स्थान कळते ते एवढेच की तो कोणत्या पॅडवर पडला, आणि जोर कळतो तो एका अंकाएवढा. तबलावादक अथवा ढोलकीवादक जेथे उपलब्ध आहे, तेथे त्याच्या जागी ही पेटी ठेवणे म्हणजे त्या कलेचा मोठा भाग गमावणे होय. परंतु जेथे एकाच माणसाला दहा वाद्यांचे काम करावयाचे आहे, तेथे ती उपयुक्त सहकारी ठरते.

तेव्हा निवडीचा क्रम असा राहतो : प्रथम हलक्या आघाताला मिळणारे उत्तर, मग विलंबाची स्थिरता, त्यानंतर जोडण्या व मजबुती, आणि सर्वांत शेवटी ध्वनींची संख्या. ज्या पेटीवर हलकी थाप हलकीच उमटते, ती थोडे ध्वनी असूनही वादकाला वाढू देते. जिच्यावर प्रत्येक आघात सारखाच गाजतो, तिच्यावर वर्षभर वाजविल्यावर वादकाचा हातही प्रत्येक आघात सारखाच करू लागतो. आणि ही हानी पेटी बदलून भरून निघत नाही.