सतराचा पाना उचलण्याआधी

गॅरेज आता तुझं. कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगलाय ते तुला अंधारातही सापडतं, त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. मिसिंगच्या गाडीबद्दल मात्र सांगायचं राहिलं होतं, कारण त्यात मी स्वतः बरेचदा तोंडावर आपटलोय.

जुनी डिझेल पिकअप दारात येते तीच लंगडत. ड्रायव्हर उतरायच्या आधीच बोलतो, "नोजल गेलंय, तेवढं बदला." पेशंट औषधाचं नाव सांगत आला तर डॉक्टर काय करतो? मान हलवतो आणि जीभ दाखवायला सांगतो. तू तेच कर. बॉनेट उघड, इंजिन चालू राहू दे आणि विचार: सकाळी गारठ्यात होतं की तापल्यावर? रिकाम्या गाडीला की भरलेल्या? फिल्टर कधी बदलला? आणि त्या वेळी टाकीत डिझेल किती होतं?

हा शेवटचा प्रश्न मला टोमॅटोच्या एका गाडीने शिकवला. पिंपळगावहून वाशीला माल टाकून यायची. जाताना झकास, येताना कसारा घाटात मिस मारायची, तीही रिकामी असून. मी चारही नोजल उतरवले, पंपवाल्याकडून करून आणले. आठवड्याने गाडी परत दारात. फिल्टर बदलला. परत दारात. तिसऱ्या खेपेला मालक भांडला नाही, नुसता चहा पीत बसला. त्या गप्प बसण्यानेच मला घाम फुटला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, डिझेल कुठे भरतोस? म्हणाला, "निघताना इथेच फुल्ल करतो, मग आल्यावरच." म्हणजे परतीला घाट लागेपर्यंत टाकी निम्म्यावर. टाकीतला सक्शन पाइप उपसून काढला, तर मधोमध गंजून टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं. टाकी भरलेली असेपर्यंत भोक डिझेलखाली, कुणाला पत्ता नाही. डिझेल उतरलं, त्यात चढण लागली, की पाइप हवा प्यायला लागायचा. नोजलचे पैसे मी त्याला परत केले. घरी सांगितलं नव्हतं.

टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, दाब नसतो. तिथे चीर पडली तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, म्हणून नवशिके तिथे बघतच नाहीत. फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी लाव आणि इंजिन चालव. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे पळताना दिसले तर पुढचं काही खोलू नकोस, मागे मागे जा: क्लॅम्प, रबरी पाइप, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर. हे वायसर एकदा दबले की त्यांचं काम संपलं. जुना वायसर उलटा करून बसवणारा मेकॅनिक आपल्याकडे राहिला होता, तुला आठवत असेल.

चीर बुजवली की एअर काढ. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्राइमर मार, फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळ. मग पंपावरचा. फिल्टरच्या तळाला आलेलं पाणीही त्याच वेळी सोडून दे.

एवढं करूनही मिसिंग आहे? मग कुठला सिलिंडर मेलाय ते शोधायचं. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण ७०० फेरे घेतं, एकेक सिलिंडर ३५० वेळा पेटतो. त्यातला एक गप्प झाला की सेकंदाला सहा वेळा ठोका चुकतो, तीच ती थरथर. सकाळी गार इंजिन चालू करून लगेच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही पायांवर ओल्या बोटांनी पाणी शिंपड. तिघांवर थेंब चर्र करून उडतील, एकावर पडून राहतील. माझ्या उस्तादाने मला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा मी त्याला जादूगार समजलो होतो.

मग सतराचा पाना. आयडलला एकेका नोजलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा ढिला कर. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन आणखी अडखळतं. ज्याचा सोडून आवाजात काही फरक पडत नाही, तोच मेलेला. पाइपाभोवती फडकं गुंडाळ, तोंड लांब ठेव, आसपास विडी नको. जुनं नोजलसुद्धा २०० बारच्या आसपास उघडतं. त्या धारेसमोर बोट आलं तर डिझेल कातडीखाली शिरतं. वरून सुई टोचल्याएवढंच दिसेल, तरी गॅरेज बंद करून दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. आणि कॉमन रेलच्या गाडीवर हा प्रयोग कधीच करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो. तिला स्कॅनर लाव.

मेलेला सिलिंडर सापडला म्हणून लगेच नवं नोजल मागवू नकोस. दोन नंबरचा मेलाय ना? त्याचं नोजल तीनला घाल, तीनचं दोनला, वायसर दोन्हीकडे नवे. मिसिंग तीनला गेलं तर नोजलच दोषी. पंपवाल्याच्या टेस्टरवर बघ, चांगलं नोजल करकरून धुकं मारतं, बिघडलेलं धार सोडतं नाहीतर टपकतं. हे नोजल आपल्या नाशकात, सातपूरला बनतं. कंपनीचं मायको नाव २००८ साली बदलून बॉश झालं, तरी चौकाला आणि आपल्या तोंडाला मायकोच राहिलं.

मिसिंग दोनवरच अडून बसलं तर मामला एकतर पंपाचा, नाहीतर कॉम्प्रेशनचा. डिझेलला ठिणगी देणारा प्लग नाही. हवा अठरा-वीस पट दाबली जाते, ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या तापानेच फवारा पेटतो. दाब चोरीला गेला की नवंकोरं नोजलही काही करू शकत नाही. सकाळी पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि तापल्यावर सगळं आलबेल, ही बहुतेक वेळा याचीच खूण. गेज लावायच्या आधी टॅपेट बघ. कुणीतरी फार आवळून ठेवले असतील तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि फिलर गेज घालून अर्ध्या तासात काम होतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घे.

डिपस्टिक प्रत्येक वेळी काढून हुंग. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास डिझेलचा आला, तर न जळलेलं डिझेल खाली उतरतंय. मिसिंग काढलंस आणि ऑइल तेच ठेवलंस तर महिन्याभरात बेअरिंग घेऊन गाडी परत येईल.

गाडी द्यायच्या आधी ट्रायल गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नकोस. मागे चार-पाच क्विंटल कांदा टाकून राहूड घाट चढवून आण. आणि मालक निघताना टाकी फुल्ल करतो म्हणाला तर त्याला थांबव, आधी निम्म्या टाकीवर चढू दे.