सलाईनचा हात शालीखाली झाकू नका

मुलांच्या वॉर्डात नोकरी केली म्हटलं की लोक हमखास विचारतात, "एवढ्या रडारडीत काम कसं करायचात हो?" रडण्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. जे पोर रडतंय त्याच्या अंगात अजून ताकद आहे, एवढं तरी समजतं. आमची नजर जायची ती गप्प पडून राहिलेल्या पोराकडे. पण रडण्याची सवय होण्यात एक धोका असतो, आणि तो मी एका सकाळी पाहिला.

थंडीचे दिवस होते. कॅल्शियम कमी होऊन झटके आलेलं आठ महिन्यांचं बाळ, पंजावर सलाईन लावलेलं, खाली पुठ्ठ्याची पट्टी. दूध पाजून आईचा डोळा लागला होता आणि आजी रात्रभर जागी होती. बाळाचा हात गार लागतो म्हणून तिने तो आपल्या शालीत नीट गुंडाळून ठेवला. बाळ पहाटेपर्यंत किरकिरत राहिलं. वॉर्डात त्या दिवसांत एका खाटेवर दोन-दोन मुलं, आणि नाईटला एकटी सिस्टर. किरकिरणारी आणखीही बरीच. सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्ड ताब्यात घेताना, मी प्रत्येक मुलाची सलाईनची जागा उघडी करून बघायची. ही सवय माझ्या पहिल्या इन्चार्जबाईंनी लावलेली. शाल बाजूला केली तर हात कोपरापर्यंत टम्म सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, टोचलेल्या जागेभोवती पांढरट चट्टा. सलाईनमधून कॅल्शियम चाललं होतं. शिरेबाहेर गेलं की ते आतलं मांस आणि कातडी जाळतं. पुढे तिथे काळी खपली धरली, जखम झाली, बरेच दिवस ड्रेसिंग चाललं. हात वाचला, व्रण राहिला.

आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "थेंब तर पडत होते की, सिस्टर. मी सारखी बघत होते."

खरंच बघत होती ती. फक्त कुठे बघायचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सलाईन शिरेबाहेर गेलं तरी वरच्या नळीत थेंब पडतच राहतात. म्हणून बाटलीकडे कमी आणि हाताकडे जास्त बघा. दोन्ही हात शेजारी-शेजारी धरून पाहा. सलाईनचा हात जाड, गार, कडक किंवा पांढरा लागला, पट्टी रुतल्यासारखी दिसली, हात लावताच मूल किंचाळलं, तर लगेच हाक मारा, सिस्टर जेवत असली तरी. बोटांची टोकं नेहमी उघडी दिसली पाहिजेत. थंडी वाजत असेल तर अंगावर आणखी एक पांघरूण घाला, तो पंजा मात्र बाहेर. आणि एक भीती काढून टाका: आत सुई राहिलेली नसते. टोचल्यावर सुई काढून घेतात आणि आत मऊ प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात. हात हलला तर सुई मोडून आत जाईल, असं काही होत नाही.

बाटलीच्या खाली मुलांसाठी खुणा केलेली एक छोटी नळकांडी लावतात. मोठ्यांच्या सलाईनला ती नसते. मोठी बाटली थेट लावली आणि चुकून भराभर गेली तर लहान मुलाच्या छातीत पाणी भरू शकतं. म्हणून नळकांडीत थोडंच घेतात आणि तेवढंच जातं. या सेटचे 60 थेंब म्हणजे 1 मिलि. त्यामुळे हिशेब फार सोपा होतो: मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिलि. दहा किलोच्या मुलाला दिवसभराचं पाणी सलाईनमधून द्यायचं असेल तर साधारण तासाला 40 मिलि जातं, म्हणजे मिनिटाला 40 थेंब. हे कळलं की नळीवरचं थेंब कमी-जास्त करणारं चाक फिरवण्याचा मोह होत नाही. "लवकर संपवून टाकू, पोराला खाली नेऊन आणू," म्हणून चाक सैल करणारे मामा-काका प्रत्येक वॉर्डात असतात. चाकाला हात लावायचा नाही. सगळ्या नियमांत हा एक मी आवाज चढवून सांगायची.

नर्सिंग शिकताना आम्हाला सांगत की इंग्लंडात एके काळी दवाखान्यातल्या मुलांना आईबापांना भेटूच देत नसत. आठवड्यात एखादा ठरावीक तास, बस. आई दिसली की मूल रडतं, मग ते दिसूच नये, असा विचार. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये दवाखान्यात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म काढली आणि 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना मुलांजवळ येऊ द्या, राहू द्या, असं सुचवलं. आपल्याकडे आई पहिल्यापासून खाटेवरच असते. याचा अभिमान बाळगावा की नाही, मला कळत नाही. तिला आपण जवळ ठेवतो ते निम्मं प्रेमापोटी आणि निम्मं आपल्याकडे माणसं कमी म्हणून. स्पंजिंग, भरवणं, लघवीचा हिशेब, रात्रीची राखण, सगळं तिच्यावर. मग तिला ते शिकवायला नको?

माझ्या मते वॉर्डातल्या निम्म्या अडचणी "का" न सांगितल्याने होतात. "तोंडाने काही देऊ नका" एवढंच सांगून आम्ही पुढच्या खाटेकडे जातो. पोर भुकेने कळवळतं, आईचा जीव तुटतो, ती चोरून एक बिस्किट देते. हर्नियाच्या ऑपरेशनच्या सकाळी हे झालेलं मी पाहिलं आहे. नशिबाने पोराच्या ओठाला बिस्किटाचा चुरा लागलेला दिसला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जातं आणि जीवावर बेततं, एवढं एक वाक्य आदल्या रात्री तिला सांगितलं असतं तर तिने पोराला दिवसभर कडेवर घेऊन फिरवलं असतं. साधारणपणे खाणं आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. पण तुमच्या मुलाला किती ते भूल देणारे डॉक्टर सांगतील. दिलंच असेल काही, तर कबूल करा. कुणी मारत नाही.

आता आमच्या गणवेशाबद्दल. "गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल!" हे वाक्य महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या आयांना पाठ आहे. त्याचा परिणाम असा की मी साधा ताप बघायला गेले तरी पोर खाटेखाली शिरायचं आणि ताप राहायचा बाजूला. कृपा करून आमची भीती घालू नका. दुसरं, सुई टोचणार असेल तर "काही नाही, मुंगी चावेल" म्हणू नका. मुलांना एकदाच फसवता येतं. "दुखेल, थोडा वेळ दुखेल, मी धरून बसते," असं सांगितलेलं मूल रडतं पण सावरतं लवकर. चौघांनी खाटेवर दाबून धरण्यापेक्षा आईने छातीशी धरून मांडीवर बसवावं आणि एकच हात मोकळा ठेवावा. पुष्कळ वेळा तेवढ्याने भागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना पाजत राहिलं तर त्याला दुखणं कमी जाणवतं. नव्या सिस्टरांनी हे करू द्यावं, "अडचण होते" म्हणून आईला बाहेर काढू नये.

आजीच्या श्रद्धेशी मी कधी भांडले नाही. कपाळाला अंगारा लावा, उशाखाली काय हवं ते ठेवा, मीठ-मोहरीने दृष्ट काढा. अट दोनच: अंगारा तोंडात घालायचा नाही, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात कापूर, निरांजन, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटतं ते भडकवतो.

आईबद्दल कुणी फारसं बोलत नाही. संडास लांब म्हणून ती पाणीच पीत नाही. पोराला सोडून जाता येत नाही म्हणून जेवत नाही, आणि मग दूध आटतं. त्यात भेटीच्या वेळी सासरची चार माणसं येऊन म्हणतात, "उघड्यावर झोपवलंस, म्हणून झालं." मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची की या आजारात आईचा काही दोष नाही. सिस्टरच्या तोंडून आलं की ते घरात टिकतं. माणसं बदलून बसवा, आणि बदलताना आम्ही देतो तशी ओव्हर द्या: शेवटचं दूध कधी, लघवी कधी, उलटी झाली का, सलाईन कुठल्या हाताला. हे एका वहीत लिहा. त्या वहीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही लिहा, कारण राऊंडला दहा जण एकदम आले की बोलायचं सगळं डोक्यातून जातं. बापाला फक्त औषधाच्या दुकानात पळवू नका, पोराला घेऊन बसू द्या. पैशाची ओढाताण असेल तर पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा फुले योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवा. कर्ज काढून झाल्यावर आलेले लोक बघवत नाहीत.

आणि डिस्चार्ज. तो कागद हातात पडला की सगळ्यांना गाडी पकडायची घाई असते, आणि चुका तिथून पुढे होतात. लहान मुलांची औषधं वजनावर असतात, म्हणून आजचं वजन कागदावर लिहिलंय का ते बघा. तापाचं पॅरासिटामॉल घ्या: थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलिमध्ये 100 मिग्रॅ असतं, सिरपमध्ये 5 मिलिला 125 किंवा 250. दहा किलोच्या मुलाला 125 वालं सिरप 6 मिलि लागतं. तेच 6 मिलि कुणी थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपट डोस होतो. बाटली बदलली की मापही बदलतं, दुकानदाराने "तेच आहे" म्हटलं तरी. पावडरचं अँटिबायोटिक असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत, एकदाच घालायचं. रोज डोसागणिक नाही. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, लहान 200 मिलिमध्ये. मोठं पाकीट एका ग्लासात कालवून पाजलं तर अंगातलं मीठ भलतंच वाढतं.

मी आईच्या हातात सिरिंज देऊन म्हणायची, "भरून दाखवा." तोंडाने "कळलं" सगळ्याच म्हणतात. सिरिंज भरताना दहातल्या तिघी-चौघी तरी अडायच्या, तिथेच दुरुस्ती व्हायची. मग श्वास मोजायला शिकवायची: मूल शांत असताना शर्ट वर करून, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त, वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, किंवा बरगडीखाली खड्डा पडायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करून निघायचं. निघताना जुना डिस्चार्जचा कागद, लसीचं कार्ड आणि चालू असलेल्या औषधांच्या बाटल्या एका पिशवीत घालून आणा. "गुलाबी औषध होतं, मॅडम" यावरून आम्हाला काही कळत नाही. गुलाबी औषधं पन्नास आहेत.