चूक तपासणारा नकलनवीस

न्हावा शेवा बंदरात रोज हजारो कंटेनर येतात. प्रत्येकावर चार अक्षरे व सात अंक असतात. शेवटचा अंक तपासणीचा असतो. नंबर उतरवताना चूक झाली, तर या अंकाचा हिशेब जुळत नाही आणि ती बहुधा लगेच कळते.

मुलांनो, जीवाणूंमध्येही अशी तपासणी चालते. आपल्या आतड्यांत ई. कोलाय नावाचा जीवाणू राहतो. त्याचा डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला, सुमारे ४६ लाख अक्षरांचा मजकूर. एका जीवाणूचे दोन होण्याआधी त्याची नक्कल करावी लागते. हे काम डीएनए पॉलिमरेज ही विकरे करतात. त्यांतील पहिले विकर आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ साली शोधले. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या विकराचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा असतो. त्याला अंगठा, तळवा व बोटे असतात. तळव्यापाशी नवे अक्षर जोडले जाते. ते चुकीचे असेल, तर विकराचा दुसरा भाग ते कापून टाकतो. नंतर इतर प्रथिने पुन्हा तपासणी करतात. त्यामुळे सुमारे शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते.

पण तीही महागात पडू शकते. क्षयाच्या एखाद्या जीवाणूवर अशा चुकीमुळे औषध चालत नाही. रुग्णाने गोळ्या मध्येच सोडल्या, तर असेच जीवाणू टिकतात व वाढतात. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेले औषध पूर्ण घ्यावे.

शब्दार्थ : नकलनवीस – नक्कल उतरवणारा; विकर – पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन.

प्रश्न : क्षयाचे औषध मध्येच का सोडू नये?