अर्ध्या तासाचा हक्क

भोर-वेल्ह्याहून कंपनीत कामाला जाणाऱ्या आमच्या मुलांना जेवणाची सुट्टी म्हणजे साहेबांची मेहेरबानी वाटते. वास्तविक ती कामगारांनी झगडून मिळवली आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरवून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली. हजारो कामगारांनी निवेदनावर सह्या केल्या. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे! १८९१ च्या कायद्यात तो अर्धा तास आला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५५ नुसार, अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नसे. मात्र भातलावणीला ओणव्याने राबणाऱ्या आमच्या आयाबहिणी त्या कायद्यात कधी नव्हत्याच. त्यांची भाकरीची वेळ शेतमालकाच्या मर्जीवर!