रेव गेली कुठे?

बालमित्रांनो, आणि भिंतीजवळ थांबून वाचणाऱ्या पालकहो,

आमच्या घराच्या दर्याकडच्या बाजूला पूर्वी माडांच्या तीन रांगा होत्या, असे आजी सांगते. मी पाहिल्या त्या दोनच. गेल्या आषाढातल्या उधाणात दुसऱ्या रांगेतले सात माड मुळासकट आडवे झाले. सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. बाबा काही बोलले नाहीत. आजी मात्र म्हणाली, "गो बाय, दर्यान आपले सात माड नेल्यान, ह्यां सगळे बोलतले. पण रेव खय गेली, तां कोण इचारता?"

तो प्रश्न मी वर्गात गुरुजींना विचारला. गुरुजी म्हणाले, "उत्तर शोध आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा पाठ लिहिला आहे.

वाळू एका जागी राहत नाही

आपल्याला वाटते पुळण म्हणजे जमीन. पण ती जमीन नव्हे, ती चालती वाळू आहे. पावसाळ्यात लाटा उंच आणि एकामागून एक येतात. त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात. ती फार लांब जात नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट उंचवटा तयार होतो. मोठी लाट त्या उंचवट्यावरच फुटते आणि तिचा जोर कमी होतो. म्हणजे गेलेली वाळू पाण्याखाली राहूनही किनारा राखत असते. पाऊस संपला की लाटा शांत होतात आणि तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात.

आम्ही सातवीच्या मुलांनी हे मोजून पाहिले. शाळेमागच्या उंडीच्या झाडापासून भरतीच्या रेषेपर्यंत गुरुजींनी मोजपट्टी धरली. जूनच्या सुरुवातीला ३८ मीटर भरले. सप्टेंबरच्या शेवटी २९ मीटर, आणि मार्चमध्ये ३६ मीटर. म्हणजे ९ मीटर गेले आणि ७ मीटर परत आले. उरलेले २ मीटर कुठे गेले? आजीचा प्रश्न नेमका तोच आहे. एका वर्षाच्या मोजणीवरून सगळे ठरवता येत नाही, असे गुरुजींनी बजावले आहे. म्हणून आम्ही मोजणी चालू ठेवली आहे.

न आलेली वाळू

लाट किनाऱ्याला तिरकी आली की वाळूही तिरकी सरकते. अशी ती किनाऱ्याच्या कडेकडेने चालते आणि वाटेत खाडीचे तोंड लागले की तिथे अडखळते. भरतीचे पाणी तिला आत घेऊन जाते. आत पाणी शांत असते, म्हणून वाळू खाली बसते. वर्षानुवर्षे असे झाले की खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. होडी आत आणताना तळ घासतो. एकीकडे पुळण उपाशी आणि दुसरीकडे खाडीचे तोंड वाळूने भरलेले, असा प्रकार!

आणखीही कारणे आहेत. नद्या डोंगरातून वाळू आणतात. नदीवर धरण झाले की वाळू धरणात अडते. बांधकामासाठी नदीतून वाळू उपसली की तीही समुद्रापर्यंत पोचत नाही. शिवाय पृथ्वी तापत आहे आणि समुद्राची पातळी वाढत आहे. त्यामुळे उधाणाचे पाणी अधिक आत येते.

मालवण तालुक्यातले देवबाग पाहा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि मध्ये चिंचोळी जमीन. अशा गावाला मागे सरकायला जागाच नसते. तिथे वाळू हीच गावाची भिंत.

दगडांचा बंधारा

धूप झाली की पहिली मागणी होते ती बंधाऱ्याची. आमच्या घरासमोरही मोठे काळे दगड टाकले. घर वाचले, हे खरेच आहे. त्या रात्री आम्ही निवांत झोपलो, ते मी विसरणार नाही.

पण दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, लाट वाळूवर चढली की दमते, दगडावर आपटली की उलटी फिरते. उलटी फिरताना ती दगडांच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. आता भरतीला आमच्यासमोर पुळण उरतच नाही. रापण ओढायला जागा नाही, होडी वर घ्यायला जागा नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट. बंधारा जिथे संपतो, तिथून पुढे धूप वाढली. तिथे माझ्या मैत्रिणीचे घर आहे. तिचे बाबा म्हणाले, "तुमचे दगड आमच्या अंगावर आले." त्यानंतर आठ दिवस ती माझ्या बाकावर बसली नाही. मला फार वाईट वाटले. दगड मी टाकले नव्हते, पण झोप मात्र मला लागली होती.

तेव्हा मला कळले की वाळू एका घराची नसते. ती आज माझ्या दारात, उद्या तिच्या.

दुसरा उपाय : अडकलेली वाळू परत देणे

जिथे वाळू अडकली तिथून काढायची आणि जिथे कमी पडली तिथे टाकायची, असा हा उपाय आहे. ऐकायला सोपा, करायला अवघड.

यासाठी ड्रेजर नावाचे जहाज वापरतात. एका प्रकारच्या ड्रेजरला लांब सोंड असते. सोंडेच्या टोकाला फिरते दाते असतात. ते तळाची वाळू सैल करतात आणि पंप पाण्यासकट ती ओढून घेतो. मग हे वाळूचे पाणी मोठ्या नळातून किनाऱ्यावर सोडतात. पाणी वाहून जाते, वाळू मागे राहते. बुलडोझरने ती पसरतात आणि समुद्राकडे हलका उतार देतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्ल्सबॅड नावाचे शहर आहे. तिथे 'आग्वा हेडिओंडा' नावाचे खाजण आहे. भूगोलात खाजण म्हणजे समुद्राला तोंड असलेले उथळ पाणी. आपण ज्या खारवट जमिनीला खाजण म्हणतो, ती वेगळी. आग्वा हेडिओंडा या स्पॅनिश नावाचा अर्थ 'घाण वासाचे पाणी'. वर्गात हे सांगितल्यावर सगळे हसले! १९५४ साली त्या खाजणाकाठी वीजकेंद्र सुरू झाले. यंत्रे थंड करायला समुद्राचे पाणी हवे, म्हणून खाजण खणून खोल केले आणि त्याचे तोंड उघडे ठेवले. पण भरतीबरोबर वाळू आत येऊन बसू लागली. ती दर काही वर्षांनी ड्रेजरने काढतात आणि शेजारच्या पुळणीवर टाकतात. २०१५ पासून खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारा कारखानाही त्याच खाजणातून पाणी घेतो. वीजकेंद्र २०१८ साली बंद झाले, पण खाजणाचे तोंड उघडे ठेवण्याची गरज संपली नाही. एका कामात दोन कामे होतात : खाजण बुजत नाही आणि पुळणीला वाळू मिळते.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. पुदुच्चेरीला १९८० च्या दशकात बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातले. तिथे वाळू वर्षभरात मिळून दक्षिणेकडून उत्तरेकडे अधिक चालते. ती बांधाशी अडली आणि उत्तरेची शहराची पुळण नाहीशी झाली. उरले फक्त दगड. मग चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली पाण्याखाली पाचरीच्या आकाराची पोलादी रीफ बसवली. बंदराच्या तोंडातली वाळू काढून किनाऱ्यावर देण्याचेही काम झाले. ज्या मुलांनी तिथे दगडच पाहिले होते, त्यांना वाळूत खेळता आले. विशाखापट्टणम बंदरातही अडकलेली वाळू काढून शहराच्या किनाऱ्यावर टाकतात.

नेदरलँड्स देशात तर २०११ साली हेग शहराजवळ एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू ओतली आणि पुढचे पसरण्याचे काम वाऱ्यावर आणि लाटांवर सोपवले. त्या ढिगाला ते 'वाळूची मोटर' म्हणतात.

कसली वाळू चालते? बाटलीचा प्रयोग

कुठलाही गाळ उचलून टाकला असे चालत नाही. आम्ही तीन काचेच्या बाटल्या घेतल्या. पहिलीत पुळणीची वाळू, दुसरीत खाडीच्या तोंडाशी असलेल्या दांड्याची वाळू आणि तिसरीत खाडीच्या आतला, तिवरांजवळचा चिखल. तिन्हींत पाणी घालून हलवले आणि बाकावर ठेवले.

पहिल्या दोन बाटल्यांत वाळू बघता बघता खाली बसली. तिसरीतले पाणी मधल्या सुट्टीनंतरही गढूळ होते. याचा अर्थ काय? बारीक चिखल पुळणीवर टाकला तर पहिल्याच भरतीला तो पाण्यात मिसळेल आणि सगळे पाणी गढूळ करील. टाकायची वाळू मूळ वाळूइतकी जाड असावी, थोडी अधिक जाड असली तर आणखी बरे. आमच्या प्रयोगावरून दांड्याची वाळू चालेल असे वाटते, पण खरी तपासणी जाणकारांनी करायची असते.

थोडे गणित

समजा ५०० मीटर लांब किनाऱ्यावर २० मीटर रुंद आणि २ मीटर जाड वाळू टाकायची आहे.

५०० × २० × २ = २०,००० घनमीटर.

एक ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. म्हणून ही वाळू झाली सुमारे ७,००० ब्रास. एका डंपरमध्ये ३ ब्रास धरली तर २,३०० हून जास्त खेपा. रोज ५० खेपा केल्या तरी दीड महिना लागेल, आणि गावातला रस्ता राहील का? म्हणूनच ड्रेजर आणि नळ लागतो. खर्च मोठा, आणि तो एकदा करून भागत नाही. टाकलेली वाळूही चालणारच. काही वर्षांनी पुन्हा टाकावी लागते. जसे दर वर्षी घर शाकारावे लागते, तसेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नवी वाळू टाकल्यावर पहिल्याच पावसात बरीचशी दिसेनाशी होते. लोक म्हणतात, पैसे पाण्यात गेले. पण त्यातली काही वाळू पाण्याखालचा उंचवटा बनवते आणि लाट लांबच फोडते. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती वाया गेली असे नाही.

आईचा प्रश्न

हे सगळे मी घरी वाचून दाखवले. बाबांना आवडले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खाडी खणलीस तर माझ्या तिसऱ्या कुठे जातील?"

मी गप्प झाले. आमच्याकडे ओहोटीला आई आणि शेजारच्या बायका तिसऱ्या, कालवे काढायला जातात. त्यातून माझ्या वह्या येतात. ड्रेजरची सोंड वाळू ओढते तेव्हा वाळूतले जीवही ओढते. शिवाय तोंड फार खोल केले तर खारे पाणी आत जास्त शिरेल आणि काठच्या विहिरी मचूळ होण्याची भीती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "तुझ्या आईने पाठातली मोठी चूक काढली." मग आम्ही पाठ दुरुस्त केला. खणायचे ते फक्त तोंडाशी अडकलेल्या दांड्यावर, तिसऱ्यांच्या जागा आणि तिवरे सोडून. किती खोल, ते आधी ठरवून. कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, तेव्हा अंड्यांवर वाळू पडता कामा नये. पावसाळ्यात ड्रेजर चालत नाही. म्हणजे कामाचे दिवस मोजकेच. आणि काढलेली वाळू पुळणीलाच मिळाली पाहिजे, ती विकायची नाही. नाहीतर धूप थांबवण्याच्या नावाखाली दुसरेच घडायचे.

आपण काय करू शकतो?

ड्रेजर आणणे आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत. पुळणीवरची मर्यादवेल उपटू नये, तिच्या मुळांनी वाळू धरून राहते. वाळूच्या टेकाडावरून नवी वाट पाडू नये. पुळणीवरची वाळू घरकामाला आणू नये, पाटीभरसुद्धा नाही. आणि मोजत राहावे.

मोजणीचा तक्ता या भित्तिपत्रकाच्या डाव्या कोपऱ्यात लावला आहे. पालकांना विनंती अशी की, आपल्या लहानपणी भरती कुठवर येत होती ते आठवून तक्त्याखाली लिहावे. रापणवाल्या काकांनी आणि खाडीत जाणाऱ्या मावश्यांनी जरूर लिहावे. ग्रामसभेत दोन्ही वाड्यांनी मिळून हा तक्ता ठेवावा, असे मला वाटते. एकट्याच्या घरासाठी दगड मागण्यापेक्षा सगळ्या पुळणीसाठी वाळू मागावी.

माझी मैत्रीण आता माझ्याच बाकावर बसते. मोजपट्टीचे एक टोक ती धरते, दुसरे मी.

आजीला मी उत्तर सांगितले, की काही रेव पाण्याखाली आहे, काही खाडीच्या तोंडात आहे आणि काही आपल्यापर्यंत आलीच नाही. आजी थोडा वेळ दर्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरां केलंस, इचारलंस तां."

स्वाध्याय
१. पावसाळ्यात गेलेली वाळू कुठे असते?
२. बंधाऱ्याच्या टोकापुढे धूप का वाढते?
३. तिसऱ्या बाटलीतला चिखल पुळणीवर का टाकू नये?
४. आईने विचारला तसा एक प्रश्न तुम्ही स्वतः शोधा आणि तक्त्याखाली लिहा.

— इयत्ता सातवी