सारख्या दिसणाऱ्या पेशी आणि रंगांची साक्ष

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी रक्ताची रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एक लहान पेशी दिसते. तिच्यात जांभळे, गोल केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापून असते. ही लिम्फोसाइट. ‘यातली बी पेशी कोणती आणि टी पेशी कोणती?’ असा प्रश्न वर्गातून येतोच. या काचपट्टीवरून ते कोणालाही सांगता येत नाही, हेच त्याचे खरे उत्तर. दोन्ही पेशी दिसायला सारख्या. कार्य मात्र वेगळे. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. टी पेशी रोगट पेशींचा नाश करतात आणि बी पेशींना साहाय्यही करतात.

बी पेशीचे नाव कोंबडीमुळे पडले, हे अनेकांस ठाऊक नसेल. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी दाखवून दिले की, पिलाच्या शेपटीजवळची ‘बर्सा’ नावाची पिशवी काढून टाकली, तर त्याच्या शरीरात प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. ‘बर्सा’च्या आद्याक्षरावरून ही पेशी ‘बी’ ठरली. माणसाला अशी पिशवी नसते. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात.

मग त्या ओळखायच्या कशा? प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. बी पेशीवर सीडी-१९ आणि सीडी-२०, तर टी पेशीवर सीडी-३. ही प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. पण कुलपाला जशी त्याचीच किल्ली बसते, तसे नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड बनवता येते. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची शुद्ध प्रतिपिंडे हवी तेवढी मिळवण्याची रीत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९४० च्या दशकाच्या आरंभी, अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला होता. नोटेवरील क्रमांक तपासणीच्या दिव्याखाली जसे उजळतात, तसाच हा रंग योग्य प्रकाश पडताच उजळतो.

आज रक्ताच्या थोड्याशा नमुन्यात अशी दोन-तीन रंगांची प्रतिपिंडे मिसळतात. मग फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकामागून एक, एका रांगेत लेझर किरणासमोरून जातात. सीडी-१९ चा रंग उजळला आणि सीडी-३ चा उजळला नाही, तर ती बी पेशी. यंत्र एका सेकंदात हजारो पेशी मोजते. एकाच खुणेवर मात्र विसंबून चालत नाही. सीडी-२० वर मारा करणारे औषध रुग्णाला दिलेले असेल, तर ती खूण फसवू शकते. म्हणून सीडी-१९ पाहावे लागते.

दिसायला सारखे, परंतु प्रतिपिंडांनी वेगळे ठरवलेले रक्त महाराष्ट्राला नवे नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट प्रसिद्ध केला. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ गटासारखा भासतो. पण साध्या ‘ओ’ गटाचे रक्त अशा रुग्णाला दिल्यास जीव धोक्यात येतो. त्याच वर्षी अमेरिकेत ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार आजारी पडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसल्याचे नोंदवले. या जन्मजात दोषात बी पेशी जवळजवळ नसतातच. तो एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून बहुधा मुलग्यांमध्ये आढळतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सहा महिन्यांच्या सुमारास ओसरली, की संसर्गांची मालिका सुरू होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत अशा जन्मजात प्रतिकारन्यूनतेवर संशोधन होते. डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयातील कार्य प्रसिद्ध आहे.

बी पेशींची संख्या बेसुमार वाढली, तर ते रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. तेथेही हीच खूण उपयोगी पडते. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. त्यात रुग्णाच्याच टी पेशींना सीडी-१९ ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. ओळखीसाठी वापरलेली खूणच येथे नेमबाजाचे लक्ष्य बनली.

हे सारे या स्मरणिकेत लिहिण्यामागे आमचा एक हेतू आहे. वसतिगृहातील आजारांची नोंदवही आम्ही दरवर्षी भरतो. ताप, खोकला, कान वाहणे या नोंदी सर्वांच्याच नावापुढे येतात. परंतु एकाच मुलाच्या नावापुढे वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा कानात पू, वारंवार प्रतिजैविके असे दिसू लागले, तर ‘मुळातच नाजूक आहे’ म्हणून ते सोडून देऊ नये. पालकांनी अशा नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची पातळी व गरज पडल्यास लिम्फोसाइटच्या प्रकारांची तपासणी करावी काय, हे स्पष्ट विचारावे. निदान झाल्यास दर तीन-चार आठवड्यांनी दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे देतात. असे मूल शाळेत येऊ शकते, खेळू शकते, शिकू शकते. अशा मुलाला जिवंत विषाणूंची लस द्यावयाची की नाही, हे मात्र तज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

यवतमाळ ते परळ हे अंतर मोठे आहे. पण धामणगावहून रात्रीच्या गाडीने ते कापता येते. शोध मुंबईत लागला तरी पहिली शंका आपल्याच वसतिगृहात, आपल्याच घरात यावी लागते. प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस येथे यावे, ही नोंदवही आमच्यासोबत चाळावी, एवढीच विनंती.